टायर 90 टक्के, पण जन्म कधीचा?

‘प्रीमियर पद्मिनी, एकच मालक, इंजिन टाइट, टायर 90 टक्के.’ जुन्या गाडीच्या जाहिरातीतला हा शेवटचा आकडा वाचून बरेच जण निर्धास्त होतात. तो आकडा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. 90 टक्के म्हणजे टायरवर बटण, म्हणजे रस्त्याला टेकणारी खाचांची नक्षी, किती उरलंय त्याचा अंदाज. टायर किती वर्षांचा आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

झिजलेला टायर आणि म्हातारा टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच गोटा होतो आणि बदलला जातो. हौसेने सांभाळलेल्या गाडीचं उलटं असतं. ती एखाद्या रविवारी फेरफटका मारते, वर्षातून एकदा रॅलीला जाते आणि बाकीचे दिवस कव्हरखाली उभी असते. त्यात 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी नंबरप्लेटच्या ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा. मग टायर झिजणार तरी कसा? तो उभ्या उभ्या म्हातारा होतो, आणि वरून दिसतो मात्र नवाकोरा.

झीज ओळखणं सोपं आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात आणि मोटारीसाठी 1.6 मिलिमीटर ही कायदेशीर किमान खोली. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. बटण झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, एकच बाजू झिजली असेल तर अलाइनमेंट गेलंय. हे कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही सांगेल.

वय मात्र आतून काम करतं. हवेतला ऑक्सिजन रबराला हळूहळू कडक करतो आणि त्याची ताणली जाण्याची ताकद काढून घेतो. कपाटाच्या खणात वर्षानुवर्षं पडलेला रबरबँड ताणताच तटकन तुटतो, तसंच. यात ऑक्सिजन फक्त बाहेरून लागतो असं नाही. टायरमध्ये दाबाने भरलेली हवा आतूनही रबरात झिरपत असते. रेडियल, म्हणजे बटणाखाली पोलादी पट्टे असलेल्या टायरमध्ये या पट्ट्यांच्या कडांना धरून ठेवणारं रबर असं कडक झालं, की एखाद्या दुपारी हायवेवर वेग आणि उष्णता वाढते आणि बटणाचा अख्खा पट्टा सोलून निघतो. बाहेरून त्या दिवशी सकाळपर्यंत काहीही दिसलेलं नसतं.

उभी गाडी जास्त लवकर खराब का होते, याचं कारण मजेशीर आहे. टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबतं, सुटतं, आणि ही द्रव्यं पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. गाडी हललीच नाही तर हा थर नीट बनत नाही, आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, बारीक भेगांचं जाळं उमटतं. वरून टायर चमकवायला काळं पॉलिश फासलं की भेगा झाकल्या जातात. विकायला काढलेल्या गाडीचे टायर आरशासारखे चकाकत असतील, तर मी आधी ओल्या फडक्याने ते पुसून बघेन.

सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं. सप्टेंबर 2012 मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांची बस सरे परगण्यात ए3 रस्त्यावर पुढचा टायर फुटून झाडावर आदळली आणि तिघांचा जीव गेला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, खुद्द बसपेक्षा जुना. बटण मात्र नियमात बसणारं. झीज तपासणाऱ्याला त्यात खोट सापडलीच नसती. अखेर 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना 10 वर्षांहून जुना टायर लावायला बंदी आली. खासगी मोटारींना हा नियम लागू नाही. तिथे ज्याची त्याची जबाबदारी.

वय कळायला साइडवॉलवरचा ‘डॉट’ क्रमांक शोधायचा. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेलेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर 2000 च्या आधीचा आहे. त्याची पुढे तपासणी करू नका, काढून टाका.

मग बदलायचा कधी? बरेच गाडी-उत्पादक 6 वर्षं सांगतात. मिशेलिनचा सल्ला असा, की 5 वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि 10 वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी बदला. ऊन हा इथला कळीचा मुद्दा. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने एका विमा कंपनीची आकडेवारी दिली होती: टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा पाच उष्ण राज्यांत कंपनीचे 27 टक्के ग्राहक, पण टायरचे 77 टक्के दावे तिथूनच, आणि त्यातले 84 टक्के टायर 6 वर्षांहून जुने. नागपूर-अकोल्याच्या उन्हात अंगणात उभ्या असलेल्या गाडीला म्हणूनच मी 10 वर्षांची मुभा देणार नाही. एक्सप्रेसवेवर जाणारी गाडी असेल तर 6–7 वर्षांत टायर उतरवावा. सावलीतल्या गॅरेजमधून फक्त गल्लीतून फिरून येणाऱ्या गाडीला थोडं जास्त चालेल, पण 10 च्या पुढे नाहीच. खाचेच्या तळाशी भेगा, साइडवॉलला फुगा किंवा भेगेतून दिसणारे धागे असतील तर वर्षं मोजत बसू नये.

रिमोल्डमध्ये तर हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते उघडच होतं. रिमोल्ड करताना बटण नवं बसतं, आतला सांगाडा तोच राहतो. झीज मिटते, वय मिटत नाही.

सकाळी गाडी काढल्यावर पहिली काही मिनिटं चाकं धडधडतात, ते मात्र म्हातारपण नव्हे. नायलॉनचा टायर एका जागी उभा राहून खालून चपटा होतो आणि चार-पाच किलोमीटरमध्ये गरम होऊन पूर्ववत होतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर ती घोडीवर (चाकं अधांतरी ठेवणाऱ्या लोखंडी स्टँडवर) चढवून ठेवावी.

खरी पंचाईत खरेदीच्या वेळी होते. पद्मिनीचा 5.20-14 किंवा अँबॅसडरचा 5.90-15 हे माप आता सगळ्या दुकानांत मिळत नाही, आणि मिळालंच तर तो ‘नवा’ टायर गोदामात काही वर्षं पडून असू शकतो. अंधाऱ्या, थंड जागी रिमशिवाय ठेवलेला टायर हळू म्हातारा होतो, त्यामुळे दोनेक वर्षांचा साठा मी नाकारणार नाही. पाच वर्षांचा नाकारेन. जुन्या धाटणीचा क्रॉसप्लाय (आडव्यातिडव्या धाग्यांच्या थरांचा टायर) मिळाला नाही म्हणून रेडियल घ्यायचा असेल तर चारही चाकांना घ्या. एकाच ॲक्सलवर दोन जाती नकोत. ट्यूबही नवी टाका, व्हॉल्व्हच्या बुडाशी ती आधी तडकते. आणि डिकीतल्या स्टेपनीचा क्रमांकही वाचा. तिचं बटण हमखास 100 टक्के असतं, आणि पुष्कळदा ती गाडीबरोबर कारखान्यातून आलेलीच असते.