मोठ्या शिकारीची बॅग लिटरवर निवडू नका

एल्कसारख्या मोठ्या हरणाच्या शिकारीला डोंगरात जायचं तर १०० लिटरची बॅग हवीच, नाहीतर मांस मावणार कुठे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. शिकारीसाठीच बनवलेल्या चांगल्या बॅगेत मांस पिशवीच्या आत ठेवावंच लागत नाही. बॅगेची पिशवी पाठीकडच्या सांगाड्यापासून, म्हणजे फ्रेमपासून, सैल करायची, मधल्या जागेत हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीतली तंगडी उभी ठेवायची आणि पट्टे करकचून आवळायचे. ओझं पाठीला चिकटून राहतं, मागे ओढत नाही. कपडे, स्लीपिंग बॅगही रक्ताने माखत नाहीत.

खरी परीक्षा फ्रेमची. मोठ्या नर एल्कचा मागचा पाय हाडासकट २५ किलोच्या वर जाऊ शकतो. एवढ्या वजनाखाली मऊ फ्रेम दबते आणि कमरेवरचा भार खांद्यांवर येतो. बॅगेचं मापही आपल्या उंचीवरून घेऊ नका. मानेच्या तळाशी वर आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजा. मग वाळूची पिशवी बांधून चढावर चालून बघा. कंबरपट्टा आवळूनही घसरत असेल, तर ती बॅग कितीही हलकी असो, घेऊ नका.