लष्करी वाहनांच्या लघुप्रतिकृती : बांधणी आणि रंगकाम

रणगाडा, चिलखती गाडी, जीप, ट्रक अशा लष्करी वाहनांची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती जोडून रंगवण्याची हस्तकला. बहुतेक प्रतिकृती पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून तयार होतात. किट मिळाले नाही, तर प्लास्टिकचे पातळ पत्रे, पितळी तार आणि पुठ्ठा यांतून वाहन मुळापासून घडवावे लागते. भारतीय बनावटीच्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रसंग वारंवार येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या छंदाला पोषक जमीन आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. रेजिमेंटची परंपरा १७६८ पासूनची, आणि भागातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी फौजेत असतो किंवा निवृत्त होऊन आलेला असतो. दुसरीकडे हातांना सवय असते ती दिवाळीच्या किल्ल्यांची. गल्लोगल्ली पोरे माती, दगड, पोती जमवून बुरूज उभे करतात. मात्र किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच बसतात आणि मावळा तोफेएवढा असतो. ज्याचा मान मोठा तो आकाराने मोठा, आणि तिथे ते शोभतेही. प्रतिकृतीत एकच आकडा सगळ्यांना सारखा लागू होतो, मग तो रणगाडा असो की जवानाच्या कमरेची पाण्याची बाटली.

प्रमाणाचा हा आकडा जमिनीवरच्या वाहनांसाठी बहुधा १:३५ असतो, म्हणजे प्रतिकृती मूळ वाहनाच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचे चालते मॉडेल काढले. आत मोटार आणि बॅटऱ्या बसतील एवढे ते मोठे करताना जे प्रमाण आले, तेच पुढे रूढ झाले. या मापात पावणेदोन मीटर उंचीचा जवान पाच सेंटिमीटरचा होतो, टी-५५ रणगाड्याचा तोफेची नळी सोडून उरलेला सांगाडा सुमारे अठरा सेंटिमीटरचा आणि विजयंता या भारतीय रणगाड्याच्या १०५ मिलिमीटर तोफेचे तोंड बरोबर तीन मिलिमीटरचे. १:४८ आणि १:७२ ही लहान मापेही चालतात. जागा कमी असेल तर १:७२ बरे, पण रंगकामाची मजा १:३५ मध्येच.

बेळगावसारख्या पायदळाच्या गावाने रणगाड्याआधी जीप करून पाहावी. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी, तोफ बसवलेली जीप हे पायदळाचे रणगाडाविरोधी हत्यार होते. अशाच जीपवरून १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १:३५ मध्ये जीप साधारण साडेनऊ सेंटिमीटरची होते आणि तोफ तिच्याहून किंचित लांब. हे दोन्ही भाग टेबलावर शेजारी ठेवले, की त्या उघड्या गाडीत बसून रणगाड्यासमोर जाणे म्हणजे काय, ते वर्णनापेक्षा जास्त कळते.

जोडणीचे तंत्र थोडक्यात असे. साच्याच्या चौकटीतून भाग बारीक कटरने सोडवायचे, राहिलेला खुंट ब्लेडने तासायचा, साच्याची रेघ पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घालवायची. प्लास्टिकचा खास सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. पितळ आणि रेझिन यांना तो धरत नाही, तिथे फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. फटी पुटीने भरतात. तोफेची नळी धातूची हवी असेल, तर उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या बेळगावात लेथवर हात बसलेला माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

खरी कसोटी रंगाची. प्रायमरवर एअरब्रशने ऑलिव्ह ग्रीनचे पातळ थर देतात. डबीतला रंग आहे तसा मारला तर लहान वस्तू काळपट दिसते, म्हणून तो थोडा उजळ करून घेतात. त्यावर चकचकीत वार्निश, मग नंबर आणि पलटणीची चिन्हे, आणि मग वॉश. जळक्या तपकिरी तैलरंगाचा ठिपका टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करून ब्रशचे टोक रिव्हेटच्या मुळाशी नुसते टेकवायचे. रंग आपणहून खाचेतून धावतो आणि प्रत्येक सांधा उठून दिसतो. शेवटी मॅट वार्निश. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग किंवा वार्निश, मारल्यास त्यावर पांढुरकी झाक चढते. त्यामुळे जोडणी पावसात आणि फवारणी दसऱ्यानंतर, हा क्रम इथे सोयीचा.

धूळ आणि चिखल यांसाठी विकतची रंगपूड मिळते, पण सीमाभागात ती पायाखाली आहे. खानापूरकडची जांभ्याची लाल माती वाळवून वस्त्रगाळ केली, की उत्तम पूड होते. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि गंजही तेच असल्यामुळे सायलेन्सर, साखळी, घासलेली कड यांवर ती चपखल बसते. गोकाक, अथणीकडची काळी माती ओल्या चिखलाला चांगली. मात्र माती गाडीच्या गावची हवी. खेमकरणची जीप लाल धुळीने माखली, तर बाकी सगळे अचूक असूनही ती प्रतिकृती खोटी ठरते, कारण पंजाबची गाळाची जमीन फिकट करडी-पिवळसर आहे. लाल माती शोभते ती बेळगावच्या छावणीतून जांबोटीच्या रस्त्याला लागलेल्या शक्तिमान ट्रकला.

चिन्हांबाबतही हाच कटाक्ष लागतो. भारतीय लष्करी वाहनाच्या क्रमांकात वर रोखलेला बाण असतो, त्यामागोमाग वर्षाचे दोन अंक, मग अक्षर आणि अनुक्रमांक. १९६५ सालच्या देखाव्यातल्या गाडीवर ७१ हे अंक आले, तर जाणकार तिथेच थांबतो. हे क्रमांक तयार मिळणे अवघड असल्याने शून्य नंबरच्या ब्रशने हाताने लिहावे लागतात. मापे आणि तपशील प्रत्यक्ष पाहण्यासाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय मराठी छंदिष्टांना सर्वांत उपयोगी आहे. १९९४ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंता आणि पॅटन जवळून न्याहाळता येतात, आणि वेल्डिंगचा सांधा किती जाड, साखळीची कडी कुठे झिजते, हे छायाचित्रात न दिसणारे तपशील तिथे टिपून घेता येतात.