नुसत्या उन्हाने वळीव येत नाही

"एवढं तापलंय, आज वळीव येणारच!" तासगाव भागात एप्रिलमध्ये हे वाक्य कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. परवा एका बेदाणा शेडवर तेच ऐकलं आणि लिहायला बसलो. नुसत्या तापण्याने पाऊस पडत असता, तर जत-आटपाडीने कधी टँकर पाहिलाच नसता.

खरी खूण शेडवरच असते. जाळीवर पसरलेली द्राक्षं एरवी पंधरवड्यात वाळतात. मग एक दिवस असा येतो की आभाळ निरभ्र असूनही मणी हाताला चिकटतात, घाम अंगावरच राहतो. हवेत वाफ आलेली असते. ही वाफ समुद्राची; अरबी समुद्राची, कधी बंगालच्या उपसागराचीही.

एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल उष्णता लागते, कोरड्या मातीला त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणून रान दुपारी पाय भाजतं आणि रात्री निवतं, समुद्र मात्र महिनोन्‌महिने उष्णता साठवत राहतो. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचा पृष्ठभाग बऱ्याच ठिकाणी २९-३० अंशांवर जातो. वरची हवा त्याहून गार असली की समुद्र तिला खालून तापवतो, वाफही देतो आणि ती वर उठते. खाली पाणी गार आणि वर हवा उबदार असेल, तर ती जागची हलत नाही. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याशी खोलातलं गार पाणी वर येतं. आपल्याकडे पाऊस आणणारा वारा तिथूनच वाहत येतो, पण तिथे ढग फारसे वाढत नाहीत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. समजा सांगलीत दुपारी ३६ अंश तापमान आहे आणि दवबिंदू २०, म्हणजे या हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला ती २० अंशांपर्यंत निवावी लागेल. वर जाणारी हवा दाब कमी झाल्याने फुगते आणि दर किलोमीटरला ९.८ अंश गार होते. दवबिंदूही थोडा घसरतो, म्हणून हिशोब असा: फरकाच्या प्रत्येक अंशामागे १२५ मीटर. १६ गुणिले १२५, झाले २,००० मीटर. तिथे ढगाचा तळ. दंडोबाच्या डोंगरावरून दुपारी पाहा, सगळ्या ढगांचे तळ एका पातळीत कापल्यासारखे दिसतात. मार्चमध्ये ३८ अंश आणि दवबिंदू ६ असला, तर हाच तळ ४,००० मीटरवर जातो. बहुतेक हवा तिथवर पोचत नाही, पोचली तरी तिच्यात वाफ किती असणार?

तळाच्या वर गंमत सुरू होते. आपल्या हवेच्या प्रत्येक किलोत सुमारे १५ ग्रॅम वाफ आहे. त्यातल्या एका ग्रॅमचं पाणी झालं की सुमारे २,५०० ज्यूल सुटतात आणि ती किलोभर हवा अडीच अंशांनी तापते! त्यामुळे ढगातली हवा किलोमीटरला पाच-सहा अंशच निवते. भोवतालची हवा उंचीबरोबर त्याहून वेगाने गार होत असेल, तर ढग शेजारच्या हवेपेक्षा उबदार राहतो, आणखी वर जातो, आणखी वाफ निवते, आणखी उष्णता सुटते. चुलीला आतूनच जळण मिळतं. ते जळण समुद्रावर पडलेल्या उन्हाचं. पेटतं मात्र तासगावावर, जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंच. म्हणून नुसतं तापमान सांगून भागत नाही; खाली वाफ किती आणि वर गारवा किती, हे विचारायला हवं.

आणि अर्ध्या तासाच्या जोरदार सरीला लगेच 'ढगफुटी' म्हणणं सोडा. ढग म्हणजे फुटायला पाण्याची पिशवी नव्हे. छोट्या परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तरच हवामान खातं तो शब्द वापरतं.

पावसाच्या आधी गार वाऱ्याचा झोत येतो, त्यातही हाच हिशोब उलटा चालतो. ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडताना काही थेंबांची पुन्हा वाफ होते, ती ग्रॅममागे तेच २,५०० ज्यूल हवेतून काढून घेते. गार झालेली जड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून पसरत शेडपर्यंत येते. तो झोत आला की ताडपत्री बांधायला पाच-दहा मिनिटंच उरलेली असतात.