पिकअपच्या हौद्याला अस्तर: घरचा रोलर की बाहेरचा स्प्रे?

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे क्रेट उतरवणारी पिकअप आणि साइटवर गिट्टी टाकणारी पिकअप, दोघींच्या हौद्याला एकच अस्तर लागत नाही. तरीही निर्णय बहुतेक वेळा भाव ऐकून होतो. त्याआधी जाडीचा हिशेब मांडलेला बरा.

समजा, हौदा 2.5 मीटर लांब, 1.7 मीटर रुंद आणि बाजू 45 सेंटिमीटर उंच आहेत. तळ आणि चारही बाजू मिळून सुमारे 8 चौरस मीटर पत्रा भरतो. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर जाडीचा सुका थर द्यायचा तर 1 लिटर माल लागतो. रोलरने लावायच्या 4 लिटरच्या डब्यातला आकारमानाने 60 टक्के भाग सुकल्यावर उरतो असे धरू. बाकीचे सॉल्व्हंट, म्हणजे माल पातळ ठेवणारे द्रावक, उडून जाते. उरले 2.4 लिटर, म्हणजे अख्ख्या हौद्यावर जेमतेम 0.3 मिलिमीटर. कारखान्यातल्या रंगाच्या दोन-तीनपट. क्रेट, पोती, फर्निचर यांना एवढे पुरते. गिट्टीच्या धारेपुढे किंवा सळ्यांच्या टोकापुढे मात्र ते टिकत नाही. स्प्रेवाल्याने 2 मिलिमीटर दिले तर त्याचा सुमारे 16 लिटर माल लागतो, कारण त्यात सॉल्व्हंट जवळजवळ नसतेच. दोन्हींच्या भावात फरक का, ते इथे कळते.

रोलरने दाट थर एकदाच फिरवून का भागत नाही? रोलरचा एका डब्यात येणारा माल बहुधा पॉलियुरेथेन असतो आणि त्यातले बरेचसे हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते. त्यातले आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी जुळले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. थर पातळ असेल तर तो निघून जातो. जाड असेल तर वरची साय आधी धरते आणि खाली बुडबुडे अडकतात. म्हणून पातळ कोट, दोन किंवा तीन, आणि मधले अंतर डब्यावर लिहिलेले. ते उलटून गेले तर पुन्हा घासल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही.

स्प्रेवाल्याच्या पॉलियुरियाची गोष्ट वेगळी. आयसोसायनेट एका ड्रममध्ये, त्याच्याशी जुळणारे अमाइन हे रसायन दुसऱ्यात; दोन्ही 65-70 अंशांपर्यंत तापवून मोठ्या दाबाने नेतात आणि ती बंदुकीच्या तोंडाशीच भेटतात. काही सेकंदांत थर धरतो, त्यामुळे उभ्या बाजूंवरही ओघळ येत नाहीत. पण याच घाईमुळे त्याला पत्र्याच्या ओरखड्यांत मुरायला वेळ मिळत नाही. तयारी कच्ची राहिली तर महागडे अस्तर ताडपत्रीसारखे सोलून निघते.

तयारी दोन्हीकडे सारखीच. बोल्ट काढा, पाणी निघायची छिद्रे टेपने झाका (बुजवू नका), डिटर्जंटने धुवा, मग डिग्रीझरने पुसा. आधी तेल काढायचे आणि मगच घासायचे. उलट केले तर पॉलिश पेपर तेच तेल ओरखड्यांत भरतो. 80 नंबरच्या पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. नंतर पाणी शिंपडून बघा: थेंब गोळा होत असतील तर तेलकटपणा बाकी आहे, सलग पसरले तर काम झाले. गंज वायर ब्रशने उजळ लोखंडापर्यंत काढा आणि त्या जागी इपॉक्सी प्रायमर द्या. युरियाची पोती वाहिली असतील तर जास्तच धुवावे लागते. क्षार थराखाली राहिले की ते थरातून पाणी ओढतात आणि फोड येतात. बोअरचे जड पाणी शेवटच्या धुण्याला नको, तेही वाळून क्षारच ठेवते.

नागपुरात मुहूर्त महत्त्वाचा. पत्रा हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते) किमान 3 अंश गरम हवा, हा रंगकामातला जुना नियम आहे. जुलैत तापमान 27 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 24 च्या वर असतो, म्हणजे नियम तिथेच मोडतो. डिसेंबरच्या दुपारी त्याच 27 अंशांना 40 टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू 12 च्या आसपास. मे महिन्यात उन्हातल्या पत्र्यावर हातही ठेववत नाही. तिथे सॉल्व्हंट उसळून टाचणीएवढी छिद्रे पडतात. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत बरे.

बाहेर देणार असाल तर आधी मशीन बघा: तापवलेले पाइप आणि दोन ड्रम आहेत का? काही ठिकाणी ‘रबर कोटिंग’ म्हणून गाडीच्या पोटाला मारायचे डांबरी द्रव्यच हौद्यात मारतात. ते नागपूरच्या उन्हात मऊ पडते आणि पोत्यांना चिकटते. जाडी चुंबकीय गेजने मोजून द्यायला सांगा, विशेषतः कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या कडेला. काळे अस्तर करडे पडू नये असे वाटत असेल तर उन्हाला टिकणारा अ‍ॅलिफॅटिक टॉपकोट मागा. साधा अ‍ॅरोमॅटिक थर उन्हाने फिकटतो. ताकद मात्र लगेच जात नाही.

हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या गाड्यांना प्लास्टिकचे तयार टबही मिळतात. पॉलिथिलीन उष्णतेने पोलादाच्या सुमारे दहापट फुगते, त्यामुळे टब हलून रंग घासतो आणि खाली पाणी साठते. पावसाळ्यानंतर तो उचलून बघितलाच पाहिजे.

घरी करताना धुळीचा मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि नायट्राइल हातमोजे हवेत. आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा संवेदनशीलता आली की अत्यल्प वाफही पुरते. म्हणून घरी रोलरच, स्प्रे गन नको.

पुढे कुठे कापले गेले तर रोलरचा थर घासून तिथेच पुन्हा लावता येतो. फक्त उघडलेला जुना डबा जपून ठेवण्यात अर्थ नाही. हवेतला ओलावा आत शिरून माल डब्यातच घट्ट होतो. लहान सीलबंद डबा नवा आणावा. स्प्रेच्या अस्तराला दोन घटकांची दुरुस्ती पेस्ट लागते. ती कोण देणार, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्या.