सावजी रश्श्याचा घाम आणि नवतप्याचा घाम

सावजी रश्श्याचे दोन घास घेतले की नाकाच्या शेंड्यावर घाम डवरतो, मग बाहेर नागपूरची डिसेंबरातली थंडी का असेना. याचे कारण मिरचीतले कॅप्सेसिन. तिखट ही रुचिकलिकांनी ओळखलेली चव नसून त्रिशाखी चेतेच्या (चेहरा व तोंडातील संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या) टोकांनी मेंदूला दिलेली दाहाची वर्दी असते. या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडते, कॅल्शियम व सोडियमचे आयन आत शिरतात आणि संदेश निघतो. कॅप्सेसिन मात्र तापमान न वाढवताच ते उघडते, त्यामुळे मेंदूला तोंड भाजल्यासारखेच वाटते आणि तो घाम सोडतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन १९९७ मध्ये शोधले. ज्यूलियस यांना २०२१ चे नोबेल आर्डेम पातापुतियन यांच्यासह मिळाले. (पोपट मिरच्या खुशाल खातो, कारण पक्ष्यांमधील हे प्रथिन कॅप्सेसिनला दादच देत नाही.)

रोज तिखट खाणाऱ्याच्या चेतांची ही टोके हळूहळू निबर होतात, म्हणून पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी तर्री घरच्यांना बेताची वाटते.

उन्हाची सवय मात्र अगदी उलट वाटेने होते, आणि मला तीच अधिक विलक्षण वाटते. नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा मेंदूतील अधश्चेतक (शरीराचे तापमान सांभाळणारा भाग, हायपोथॅलॅमस) त्वचेकडून आलेले संदेश आणि स्वतःपर्यंत पोहोचणाऱ्या रक्ताचे तापमान यांचा एकत्रित अंदाज घेऊन अनुकंपी (आपोआप काम करणाऱ्या) चेतांमार्फत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींना कामाला लावतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. आठवडा-दोन आठवडे रोज उष्णतेत काम केले की घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, त्यातले मीठ घटते, रक्तातील द्रवभाग वाढतो आणि हृदयाचे ठोके तुलनेने कमी पडतात. येथे चेतासंस्था बधिर होत नाही, उलट अधिक तत्पर होते. ही कमाई थंड हवेत काही आठवड्यांत ओसरते. त्यामुळे उन्हाळ्याच्या आरंभीची अचानक आलेली लाट, पारा तुलनेने कमी असूनही, शरीराला जड जाऊ शकते.

या साऱ्या व्यवस्थेला कोरडी हवा लागते. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर हवा दमट झाली की घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि घरातला वाळ्याचा कूलरही त्याच कारणाने कुचकामी ठरतो.