एरिना शहराच्या नावावर, पण गल्ला कुणाचा?

अमेरिकेत कुठेही नवीन एरिनाचा, म्हणजे टीमच्या मॅचेसच्या मोठ्या इनडोअर स्टेडियमचा, विषय निघाला की पहिल्या दहा मिनिटांत दोन वाक्यं ऐकू येतातच. एक, 'अहो एरिना शहराच्याच मालकीचा राहणारे, टीम नुसती भाडेकरू, मग जनतेचा पैसा वाया कसा गेला?' आणि दुसरं बरोब्बर उलटं, 'टीम स्वतःच्या पैशाने बांधतेय म्हणजे सगळं तिचंच, शहराच्या हाती धुपाटणं!' आपल्या देशी ग्रुपवर पण हेच चालू असतं, विशेषतः ज्यांनी नुकतंच एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघायला सुरुवात केलीय त्यांच्यात. दोन्ही वाक्यांत घोळ एकच आहे. मालकी कुणाची हा एक प्रश्न, कमाई कुणाची हा दुसरा, आणि आपण पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं पण मिळालं असं धरून चालतो.

दोन शहरं शेजारी ठेवून बघूया, ओक्लाहोमा सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को.

ओक्लाहोमा सिटीत १२ डिसेंबर २०२३ ला मतदान झालं. प्रश्न असा होता की तिथल्या थंडर या एनबीए टीमसाठी किमान ९० कोटी डॉलरचा नवा एरिना बांधायला एक टक्का सेल्स टॅक्स ७२ महिने लावायचा का? ७१ टक्के लोक हो म्हणाले. टीमचा वाटा ५ कोटी डॉलर. आणखी ७ कोटी मॅप्स ४ नावाच्या शहराच्या आधीच्या योजनेतून, म्हणजे ते पण पब्लिकचेच. बाकी सगळं नव्या टॅक्समधून. बदल्यात टीम नव्या एरिनात २५ वर्षं राहणार, आणि बिल्डिंग शहराच्या मालकीची.

प्रचारात सगळ्यात जास्त वाजलेलं वाक्य म्हणजे 'तुमचा टॅक्स वाढणार नाही'. तांत्रिकदृष्ट्या खरंय, कारण मॅप्सचा डॉलरमागे एक सेंट टॅक्स आधीपासून चालू आहे, तो संपला की एरिनाचा एक सेंट सुरू, त्यामुळे दुकानातल्या पावतीवर आकडा तोच दिसणार. पण जो टॅक्स संपणार होता तो संपणार नाही, हे पण तितकंच खरं. आणि हा टॅक्स कशावर लागतो ते बघा. २०२४ मध्ये ओक्लाहोमा राज्याने किराण्यावरचा स्वतःचा साडेचार टक्के टॅक्स काढून टाकला, पण शहरांचा टॅक्स किराण्यावर लागतोच. म्हणजे १०० डॉलरचं दूध-अंडी-ब्रेड भरलं की त्यातला एक डॉलर एरिनाला, मग तुम्ही आयुष्यात एकही मॅच बघितली नसेल तरी.

आता सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या वॉरियर्स या एनबीए टीमने मिशन बे भागातली जमीन सेल्सफोर्स कंपनीकडून विकत घेतली, साधारण १४० कोटी डॉलर घालून चेस सेंटर बांधलं, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं. बांधकामाला शहराचा पैसा नाही, बिल्डिंगची एक वीटसुद्धा शहराच्या नावावर नाही. मग शहराला शून्य? तर नाही. बिल्डिंग खाजगी म्हणून तिच्यावर प्रॉपर्टी टॅक्स लागतो, दरवर्षी. ओक्लाहोमातल्या बिल्डिंगचं मालक खुद्द शहरच, त्यामुळे तिथे हा टॅक्सच नाही. म्हणजे ज्याला आपण 'सगळं टीमचंच' म्हणतो तिथे शहराचा गल्ला भरतोय आणि ज्याला 'आपलं' म्हणतो तिथे खर्चाची वही उघडलेली आहे. (सॅन फ्रान्सिस्कोने अगदीच काही दिलं नाही असं पण नाही हां, एरिनासमोरचं म्युनीचं, म्हणजे शहराच्या लोकल ट्रेनचं, स्टेशन मोठं केलं, गर्दीच्या ट्रॅफिकची व्यवस्था शहर बघतं. फुकटात कुठेच काही होत नाही.)

मालकी म्हणजे नक्की काय पदरात पडतं? तुम्ही फ्लॅट घेतला, हप्ता तुम्ही भरताय, भाडेकरू तुम्हाला थोडंसं भाडं देतो, गच्चीवर होर्डिंग लावतो, पार्किंग विकतो, शनिवारी हॉल लग्नाला देतो, आणि तो पैसा त्याचा. छत गळलं की फोन मात्र तुम्हाला. कागदावर मालक तुम्हीच! एरिनाचा खरा पैसा असाच असतो, तिकिटं, कंपन्यांना विकलेले सूट (मॅच बघायच्या खाजगी खोल्या), बिल्डिंगला नाव द्यायचे हक्क, खाणं-पिणं, पार्किंग, मॅच नसेल त्या दिवशीच्या कॉन्सर्ट्स. हे कुणाकडे जातं ते मालकीवरून ठरत नाही, लीजवरून ठरतं. आणि बहुतेक ठिकाणी यातला मोठा हिस्सा टीमकडे जातो.

उलट तोट्याच्या बाजूला मालकी घट्ट चिकटते. वॉरियर्स आधी ओकलंडला खेळायचे, तो एरिना ओकलंड शहर आणि अलमेडा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) दोघांचा मिळून. नव्वदच्या दशकात टीमसाठी कर्ज काढून त्याचं नूतनीकरण केलं. टीम चेस सेंटरला निघाली तेव्हा साधारण ४ कोटी डॉलर कर्ज बाकी होतं आणि टीमचं म्हणणं, आम्ही गेलो, आमची जबाबदारी संपली. २०१८ मध्ये लवादाने सांगितलं की नाही बाबा, भरा, आणि कोर्टातही तेच टिकलं. ओकलंडच्या नशिबाने करारात तशी सोय निघाली. सिएटलच्या किंगडोम स्टेडियमचं असं झालं नाही. १९७६ ला उघडलेलं काउंटीचं स्टेडियम, २६ मार्च २००० ला सुरुंग लावून पाडलं, आणि त्यावरचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये. पंधरा वर्षं लोक नसलेल्या बिल्डिंगचे हप्ते भरत होते.

मग शहरं मालकी घेतात तरी का? मला यातला सगळ्यात भारी भाग हा वाटतो. सरकारी संस्थेने बॉण्ड काढले तर त्यावरच्या व्याजाला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, इन्कम टॅक्स लागत नाही, म्हणून कर्ज स्वस्त पडतं. १९८६ च्या टॅक्स सुधारणा कायद्यात काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) वाटलं की खाजगी टीमसाठी ही सवलत कशाला, म्हणून अट घातली. १० टक्क्यांहून जास्त वापर खाजगी असेल आणि बॉण्डच्या हप्त्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त पैसा त्या खाजगी वापरातूनच, म्हणजे टीमच्या भाड्यासारख्या उत्पन्नातून येत असेल, तर सवलत बंद. हेतू असा की शहरं नाद सोडतील. झालं उलटंच. एरिनाचा वापर तर टीमच करणार, मग सवलत टिकवायची तर हप्त्यासाठी टीमकडून कमी पैसे घ्या आणि उरलेले सेल्स टॅक्स, हॉटेल टॅक्स अशा सामान्य टॅक्समधून भरा! म्हणजे भाडेकरूकडून जास्त भाडं घेतलं तर घरमालकालाच दंड. ब्रूकिंग्ज संस्थेने २०१६ मध्ये हिशेब केला होता, २००० सालापासून अशा बॉण्डवर बांधलेल्या ३६ स्टेडियममागे फेडरल तिजोरीचं ३२० कोटी डॉलरचं नुकसान. म्हणजे ओमाहासारख्या भलत्याच शहरात राहणारा माणूस पण कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या टीमसाठी थोडा थोडा भरतोय.

'कमाई कुणाची' हा प्रश्न नेमका विचारणारं शहर पण आहे, परत सिएटलच. २००६ मध्ये तिथल्या मतदारांनी इनिशिएटिव्ह ९१ नावाचा प्रस्ताव जवळपास तीन चतुर्थांश मतांनी पास केला. प्रोफेशनल टीमला शहराचा पैसा द्यायचा तर शहराला निदान सरकारी ट्रेझरी बॉण्डइतका परतावा मिळाला पाहिजे, इतकीच अट. मालकी नको, नावाची पाटी नको, परतावा द्या. त्याच वर्षी सिएटलची एनबीए टीम सुपरसॉनिक्स ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांनी ३५ कोटी डॉलरला विकत घेतली, नवीन एरिनासाठी पैसे मागितले, राज्याने दिले नाहीत, २००८ मध्ये टीम गेली. कुठे? ओक्लाहोमा सिटी. हीच आजची थंडर. परतावा मागणाऱ्या शहराकडून टीम मतदानाने पैसे देणाऱ्या शहराकडे गेली, आणि २०२५ मध्ये चॅम्पियन पण झाली, तेव्हा सिएटलकरांच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल ते विचारू नका.

पण सिएटलची गोष्ट तिथे संपत नाही. त्या जुन्या एरिनाचं छत तसंच ठेवून आतून सगळं नवीन केलं, ११५ कोटी डॉलरच्या आसपास खाजगी पैसा, २०२१ ला क्लायमेट प्लेज एरिना म्हणून उघडला. मालक अजूनही शहर! म्हणजे मालकी सरकारी, पैसा खाजगी, हे पण होऊ शकतं.

आपल्याकडे हा वाद या स्वरूपात होत नाही कारण आयपीएलच्या टीम स्टेडियम बांधतच नाहीत. वानखेडेची जमीन राज्य सरकारची, स्टेडियम मुंबई क्रिकेट असोसिएशनचं, आयपीएलला तिथे खेळते मुंबई इंडियन्स. गहुंजेचं स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने कर्ज काढून बांधलं आणि २०१८ मध्ये थकबाकीपायी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला, त्यात सरकारी बँक पण होती. तिथे कुणी 'पब्लिक फंडिंग' हा शब्द काढला नाही. आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने क्रिकेट मॅचच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले, तेही २०११ पासून मागे जाऊन, प्रकरण हायकोर्टात गेलं. बंदोबस्ताचं बिल हा पण पब्लिकचा पैसाच ना, फक्त तो विटा-सिमेंटमध्ये दिसत नाही.

ओक्लाहोमावाले मूर्ख आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. सात लाखांचं शहर, एनबीएच्या सगळ्यात छोट्या मार्केटपैकी एक, सॅन फ्रान्सिस्कोसारखे सूट विकत घेणाऱ्या टेक कंपन्यांची रांग तिथे नाही, त्यामुळे टीमने स्वतः १४० कोटी घालून एरिना बांधावा ही अपेक्षा तिथे पोकळ आहे. टीम हवी म्हणून लोकांनी पैसे मोजले, जसे पार्कला मोजतात. ठीक आहे. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. मॅचच्या रात्री डाउनटाउनमध्ये खर्च झालेला बराचसा पैसा त्याच गावातल्या दुसऱ्या हॉटेलात, दुसऱ्या थिएटरात गेलाच असता, खेळाच्या अर्थशास्त्रावर काम करणारे तीसेक वर्षं हेच सांगतायत.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या शहरात मतदान आलं की 'मालक शहरच' ही ओळ सोडून सरळ कराराच्या मसुद्यात शिरा. नावाचे हक्क कुणाचे, कॉन्सर्टचा पैसा कुणाचा, वीस वर्षांनी स्कोअरबोर्ड आणि एसी बदलायचे कुणी. आणि सगळ्यात आधी, बांधकाम महागलं तर वरचे पैसे कोण देणार ते शोधा. बफेलोत बिल्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या नव्या स्टेडियमला न्यू यॉर्क राज्य आणि एरी काउंटीने मिळून ८५ कोटी डॉलर दिले, जे मला स्वतःला जास्तच वाटतात, पण वाढीव खर्च टीमचा असं कलम करारात होतं. सुरुवातीला १४० कोटींचा अंदाज होता, तो २०० कोटींच्या वर गेला, आणि वरचा सगळा भार बिल्सवर पडला.