बाळाचा जंतुदोष: लक्षणं मान्य, सुईवर वाद

नवजात बाळाला जंतुदोष झाला तरी ताप येईलच असं नाही. अंग गार पडणं तितकंच वाईट. १९९० च्या दशकात आजारी मुलांच्या तपासणीची एकत्रित पद्धत जगभर आली, तेव्हा तिच्यात पहिल्या आठवड्यातली बाळं नव्हतीच. भारताने या बाळांचा समावेश नंतर केला.

त्याआधीच, १९९५ पासून, गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू झाली होती. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका ती करत. दूध ओढणं कमी होणं, रडणं क्षीण होणं, अंग ढिलं पडणं, श्वास घेताना छातीत खड्डे पडणं, अंग गार किंवा गरम लागणं, बेंबीला पू येणं अशा सात खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की जंतुदोष धरायचा. आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं. घरचे नाहीच म्हणाले तर त्यांची लेखी संमती घेऊन जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, सोबत तोंडातून औषध.

वाद पेटला तो या इंजेक्शनवरून. डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची? जेंटामायसिनने मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते, डोस चुकला तर काय, ही शंका रास्तच होती. पण दवाखान्यात न गेलेल्या बाळाचं काय, या प्रश्नाला आक्षेप घेणाऱ्यांकडे फारसं उत्तर नव्हतं. १९९९ मध्ये गडचिरोलीचे आकडे छापून आले: जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर.

तरीही २०११ मध्ये आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या, तेव्हा वजनकाटा आणि थर्मामीटर आले, धोक्याच्या खुणा आल्या. सुई वगळली गेली. मधल्या काळात, २००८ मध्ये, अनेक देशांतल्या अभ्यासातून सात खुणांची एक वेगळी यादी पुढे आली होती. तिच्यात तापमानाच्या दोन्ही बाजू आहेत: ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर, आणि ३५.५ च्या खाली. २०१४ मध्ये केंद्राने जेंटामायसिनची मुभा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना दिली: दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस, आणि नेणं शक्यच नसेल तर पुढचेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनाही त्याच वळणाच्या.

आता बाळंतपणं बहुतेक दवाखान्यात होतात, पण बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतं. त्यानंतर आशाताईंनी खूण ओळखली, तरी त्या दिवशी उपकेंद्रात नर्सबाई आहेत का, यावर पहिला डोस अडतो.